डायल टोन नाही

काकू गेल्याचं कळलं ते मंगळवारी सकाळी नऊला. काका दवाखान्यातून डबा घ्यायला घरी आले होते, तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवून त्यांनी चपला पायात घालेपर्यंत शेजारीण दारात उभी होती. दहाच्या आत सगळ्या इमारतीला कळलं, अकरापर्यंत काकूंच्या जुन्या शाळेत कळलं. दुपारी पेपरवाला आला तो हळू आवाजातच बोलत आला. बातमी पसरवायला काकांना काही करावं लागलं नाही. कळलं नाही ते फक्त अकरा माणसांना, आणि ही अकरा माणसं काँप्युटरमध्ये होती.

काकू ई-मेलवरून बुद्धिबळ खेळायच्या. सहा वर्षं. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळ काढतात, भिशी लावतात. काकूंनी डायल-अप कनेक्शन घेतलं आणि कुठकुठल्या गावच्या अकरा अनोळखी माणसांशी एकदम अकरा डाव मांडले. दोन-तीन दिवसांनी एकेकाची खेळी यायची, काकू चष्मा लावून विचार करायच्या, आणि मग भाजी चिरताचिरता एकदम सुरी खाली ठेवून म्हणायच्या, "आता बघते त्याच्याकडे." काकांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. हा वेडेपणा आहे असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी सहा वर्षांत बऱ्याच वेळा बोलून दाखवलं होतं.

दवाखान्यात, शेवटून दुसऱ्या संध्याकाळी, काकू म्हणाल्या, "त्या अकरा जणांना कळवा हं. नाहीतर म्हणतील, हरायला लागली आणि पळाली."

काका म्हणाले, "तूच कळव घरी आल्यावर."

या संभाषणाबद्दल काका कोणाशी बोलत नसत.

पुढे दोन महिने काकांनी काँप्युटरवरचं कापड उचललं नाही. मग कंपनीचं पत्र आलं. पत्र काकूंच्या नावाने होतं. 'प्रिय ग्राहक, आपल्या सुखासाठी आम्ही डायल-अप सेवा बंद करत आहोत.' या महिन्याच्या एकतीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता. तोपर्यंत उतरवून न घेतलेले सर्व मेल कायमचे पुसले जातील. खाली एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. काकांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते 'आपल्या सुखासाठी' या शब्दांवर संतापले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यांना तारीख दिसली. बारा दिवस उरले होते, आणि अकरा जणांचे पत्ते त्या मेलमध्येच होते.

काका पाणीखात्यात गळती शोधायच्या कामावर होते. एकतीस वर्षं. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखाली कुठल्या पाइपातून पाणी झिरपतंय ते नुसतं ऐकून सांगायचं. खात्यात त्यांच्या कानाला मान होता. साहेब लोक नकाशा गुंडाळून ठेवून काकांना विचारत. असा माणूस एका प्लास्टिकच्या डबीपुढे हात टेकेल, हे त्यांना स्वतःलाही पटण्यासारखं नव्हतं.

त्यांनी कापड काढलं, काँप्युटर लावला. तो सुरू व्हायला इतका वेळ लागला की काकांची दाढी करून झाली. मग काकू करायच्या तसं त्यांनी दोन छोट्या काँप्युटरांच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. चौकट आली. तीत काकूंचं नाव होतं आणि नावाखाली आठ ठिपके. काकांनी बटण दाबलं. मोडेम एकदा खाकरल्यासारखा वाजला आणि गप्प झाला. पडद्यावर आलं, डायल टोन नाही.

काकांनी फोन उचलला, गळ्यात अडकवलेला चष्मा नीट केला आणि मग रिसीव्हर कानाला लावला. टोन होता. चांगला सणसणीत होता. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. डायल टोन नाही. पुन्हा फोन उचलला. होता. खात्यात कागद म्हणाला पाणी आहे आणि नळ म्हणाला नाही, तर नळाचं खरं धरायची पद्धत होती. इथे नळाला पाणी होतं आणि हे यंत्र तोंडावर खोटं बोलत होतं.

चौथ्यांदा बटण दाबल्यावर आवाज ऐकून वरचे बँकवाले खाली आले. बँकवाले निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण आपल्या शाखेत पहिला काँप्युटर आपणच लावला हे सांगण्यातून ते निवृत्त झाले नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली.

"काका, या भानगडीत वरवर मलमपट्टी करून चालत नाही. मुळापासून काढायचं आणि नवं करायचं. आमच्या शाखेत मी असंच करायचो."

"आणि मग चालायचं?"

"चालायलाच लागायचं," बँकवाले म्हणाले, आणि काका काही बोलायच्या आत त्यांनी कनेक्शन पुसलं. मग नवं केलं. नव्या चौकटीत ठिपके नव्हते.

"पासवर्ड सांगा."

"ठिपके होते की."

"ठिपके म्हणजे पासवर्ड नव्हे, काका. ठिपक्यांच्या मागे पासवर्ड असतो."

"मग तो मागचा कुठे गेला?"

बँकवाल्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग दोघांनी मिळून अंदाज लावायला सुरुवात केली. मुलीचं नाव टाकलं, जन्मसाल टाकलं, काकूंच्या शाळेचं नाव टाकलं. बँकवाले म्हणाले, "अहो, बायका बहुतेक नवऱ्याचं नाव ठेवतात." काकांनी आपलं नाव टाकलं. चाललं नाही. पुढे आडनाव लावून टाकलं, तेही चाललं नाही. चौतीस वर्षांच्या संसारानंतर शेजाऱ्यासमोर हे कळावं याचं काकांना फार वाईट वाटलं. बँकवाले "असू दे, असू दे" म्हणाले, त्यामुळे जास्तच वाटलं.

दुसऱ्या दिवशी काका कंपनीच्या कचेरीत गेले. फोनचा विभाग तळमजल्यावर आणि इंटरनेटचा तिसऱ्या मजल्यावर होता, आणि लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' असा कागद इतका पिवळा पडला होता की दुरुस्ती करणारा बहुधा आत अडकून निवृत्त झाला असावा. तिसऱ्या मजल्यावर खिडकीत एक बाई होत्या. चांगल्या बाई होत्या. काकांनी नंतरही त्यांना दोष दिला नाही. दोष त्यांनी खिडकीला दिला.

"पासवर्ड नवा हवाय," काका म्हणाले.

"ग्राहक कोण?"

"माझी बायको."

"मग त्यांना यावं लागेल."

"ती वारली."

बाईंनी मान खाली घातली, मग हळूच म्हणाल्या, "मग मृत्यूचा दाखला जोडा. दाखला मिळाला की आम्ही खातं त्याच दिवशी बंद करतो."

"बंद नको आहे. उघडायचंय."

"वारलेल्या ग्राहकाचं खातं उघडं ठेवता येत नाही, काका. नियम आहे. मेल पण पुसावे लागतात. गोपनीयता."

"आणि ती वारली नसती तर?"

"तर अर्ज भरून तुम्हीही पासवर्ड घेऊ शकला असता. कुटुंबीय म्हणून."

दाखला काकांच्या शर्टाच्या खिशात होता. तीन प्रती होत्या. कुठे काय मागतील सांगता येत नाही म्हणून दोन महिने ते दाखला घेऊनच फिरत होते. बँकेने मागितला, पेन्शनवाल्यांनी मागितला, वाचनालयानेसुद्धा मागितला, आणि ती गेली हे जगाला पटवून देता देता काका घाईला आले होते. आता या एकाच खिडकीला ती जिवंत हवी होती.

काका जिन्यात जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासाने ते पुन्हा रांगेत लागले. त्या खिडकीत आता जेवणाच्या सुट्टीचा बदली माणूस बसला होता. काकांनी अर्ज मागितला आणि भरला. एका रकान्यात छापलं होतं, 'ग्राहक स्वतः हजर न राहण्याचं कारण.' एकतीस वर्षांत काकांनी गळतीच्या वहीत एकही खोटी नोंद केली नव्हती. एकदा खुद्द अभियंत्याच्या बंगल्याची गळती लिहिली होती, त्यापायी बदली झाली होती, पण लिहिली होती. त्यांनी पेन दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. मग लिहिलं, 'प्रकृती.'

बदली माणसाने शिक्का मारला. "बऱ्या होऊ देत लवकर," तो म्हणाला.

"हो," काका म्हणाले.

"नवा पासवर्ड पाठवलाय."

"कुठे?"

"त्यांच्या मेलवर."

"मेल उघडायलाच पासवर्ड हवाय."

"बरोबर. मेल उघडला की त्यात मिळेल."

काका नुसते बघत राहिले. त्यांचं हे बघणं खात्यात प्रसिद्ध होतं. रस्ता खोदायला कुरकुर करणारे कंत्राटदार त्यापुढे कुदळ उचलत. बदली माणूस थोडा वेळ इकडेतिकडे बघून उठला, आतून कोणाला तरी विचारून आला, पुढच्या कामाच्या दिवशी बोलावलं आणि त्या दिवशी एका चिठ्ठीवर आठ अक्षरं लिहून दिली.

या सगळ्यात चार दिवस गेले, कारण मध्ये शनिवार, रविवार आणि कंपनीचा वर्धापनदिन आला. काकांनी घरी येऊन आठ अक्षरं टाकली. डायल टोन नाही.

मग दुरुस्तीवाला आला. दुरुस्तीवाल्याने काँप्युटर बघितल्याबरोबर आधी कौतुकाने त्याच्या पाठीवर हात फिरवला. "हे अजून चालतं?" तो म्हणाला. "माझ्या वडिलांकडे होतं असं." मग त्याने मोडेमचं सॉफ्टवेअर काढून परत घातलं, पोर्ट बदलला, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन बारा आकडे काढून दुसरे बारा आकडे घातले. काका शेजारी वही घेऊन बसले आणि काढलेले व घातलेले सगळे आकडे लिहून घेत राहिले.

"हे कशाला लिहिताय?"

"तुम्ही गेल्यावर कोणता व्हॉल्व कुठे होता ते मला कळायला पाहिजे."

दुरुस्तीवाल्याला घाम आला. शेवटी तो मोडेम दुकानात घेऊन गेला आणि दोन दिवसांनी घेऊन आला. "आमच्या लाइनीवर पहिल्या झटक्यात लागला," तो म्हणाला. "बिघाड तुमच्या लाइनीत आहे."

म्हणून काकांनी फोनच्या तक्रार विभागाला फोन केला. "आमची लाइन खराब आहे."

"कोणता नंबर?"

काकांनी सांगितला.

"तुम्ही त्याच नंबरवरून बोलताय," पलीकडचा म्हणाला.

"हो."

"मग लाइन चालू आहे. चालू लाइनीची तक्रार घेता येत नाही."

"मला ऐकू येतंय, पण यंत्राला ऐकू येत नाही."

"मग यंत्राला तक्रार करायला सांगा," पलीकडचा म्हणाला, आणि फोन ठेवला.

काका तसेच उठले, वर गेले, बँकवाल्यांच्या फोनवरून त्याच विभागाला फोन लावला आणि आवाज जाड करून सांगितलं की आपला फोन ठार बंद आहे. आठवड्यातलं हे दुसरं खोटं. पहिल्यासारखा हात अडला नाही, आणि याचाही त्यांना राग आला. बँकवाले सोफ्यावर बसून ऐकत होते. "आवाज कशाला बदललात?" ते म्हणाले. "तो काय ओळखणार होता?" काका म्हणाले, "त्याने नसता ओळखला. मला माझा ओळखायचा नव्हता."

लाइनमन आला तो एकतीस तारखेला, दुपारी तीन वाजता. कमरेला पट्टा, पट्ट्याला फोनचा एक हॅंडसेट अडकवलेला. त्याने भिंतीवरची डबी उघडली, दोन चिमटे लावले आणि हॅंडसेट कानाला लावला. एक सेकंद, दोन सेकंद. मग तो म्हणाला, "काका, टोन तुटक येतोय."

"मी रोज ऐकतोय. सलग आहे."

"नंतर सलग होतो. उचलल्या उचलल्या ऐका. पहिले दोन-तीन सेकंद."

काकांनी फोन उचलून पटकन कानाला लावला. टुक, टुक, टुक, टुक. मग सलग. प्रत्येक वेळी चष्मा नीट करून, मग फोन कानाला लावेपर्यंत हे तीन सेकंद निघून जात होते. मोडेमला चष्मा नव्हता. तो पहिल्याच सेकंदाला ऐकायचा, तुटक ऐकायचा, आणि हा टोन नव्हे असं खरं तेच सांगायचा. एकतीस वर्षं डांबराखालचं पाणी ऐकणाऱ्या माणसाला घरातल्या भिंतीवरची गळती बाहेरचा माणूस येऊन दाखवत होता. काका खुर्चीवर बसले.

"हा बिघाड नाहीये," लाइनमन म्हणाला. "निरोप साठलेत. तुम्ही फोन उचलला नाही की आमच्याकडे निरोप ठेवायची सोय आहे, ती तुम्ही घेतलीय. न ऐकलेले निरोप असले की टोन असा येतो. आठवण म्हणून."

काकांना मग आठवलं. काकू गेल्यानंतरच्या आठवड्यात कंपनीतून एक मुलगी फोनवर भराभरा काहीतरी बोलली होती आणि तिने गप्प व्हावं म्हणून ते हो हो म्हणाले होते. त्यानंतर महिनाभर त्यांनी फोन उचललाच नव्हता. काकांची स्वतःची मुलगी तेवढी दोनदा वाजवून ठेवायची आणि पुन्हा करायची, तो ते घ्यायचे.

"पुसून टाका," काका म्हणाले.

"पुसता येत नाहीत. आधी ऐकावे लागतात. शेवटपर्यंत."

लाइनमनने नंबर फिरवून दिला. यंत्रातली बाई म्हणाली, "आपल्याला सव्वीस नवे निरोप आहेत."

ज्या सव्वीस माणसांना टाळण्यासाठी काकांनी महिनाभर फोन वाजू दिला होता, ती सगळी रांगेत उभी होती. खात्यातला सहकारी बोलला. काकूंची मैत्रीण बोलायला लागली, बोलली नाही, नुसता श्वास ऐकू आला आणि यंत्रातली बाई म्हणाली, "पुढचा निरोप." दवाखान्यातून काकूंना पुढच्या तपासणीची आठवण करून दिली होती, येताना जुने कागद आणा म्हणून. एकाला गॅसची शेगडी विकायची होती. पाच निरोप बँकवाल्यांचे होते. "काका, मी वरूनच बोलतोय. तुमच्याकडे दिवा दिसतोय म्हणून फोन केला. उचलत नाही आहात. राहू दे." पाचही असेच, फक्त एकात "आमटी जास्त झालीय" एवढं जास्तीचं होतं. लाइनमनला पुढच्या कामाला जायचं होतं, पण तो चिमटे हातात घेऊन तिथेच बसून राहिला. पाऊण तास लागला. सव्वीस झाल्यावर काकांनी फोन ठेवला, पुन्हा उचलला, आणि या वेळी चष्म्याला हात न लावता ऐकलं. पहिल्यापासून सलग.

चार वाजून पाच मिनिटांनी मोडेम किंचाळला, घरघरला आणि लागला. मेल उतरायला लागले. दोनशे चौदा होते. त्यातले दीडशे कंपनीनेच पाठवलेले, हसऱ्या कुटुंबाच्या चित्रासकट, आणि प्रत्येक चित्र वरून खाली कंगवा फिरवल्यासारखं सावकाश उतरत होतं. एकशे नव्वदाव्या मेलला सगळं थांबलं. काका स्वयंपाकघराकडे वळले. तिथल्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर मघाशीच खाली आलेल्या बँकवाल्यांच्या कानाला होता.

"लाइन आली का बघत होतो," ते म्हणाले. "कसली घरघर येतेय हो हिच्यात."

काका त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बँकवाल्यांनी ते खाली मान घालून ऐकलं आणि मग जाऊन दारात पहारेकऱ्यासारखे उभे राहिले, आणखी कोणी फोनला हात लावू नये म्हणून.

मेल पूर्ण उतरले तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. काकांनी आधी अकरा जणांचे पत्ते वहीत उतरवून घेतले आणि मग एका बोटाने टाइप करायला बसले. 'मी त्यांचा नवरा. त्या अमुक तारखेला वारल्या. तुमचा डाव अर्धा राहिला. त्या पळाल्या नाहीत. हरत होत्या की जिंकत होत्या ते मला सांगता येणार नाही, मला बुद्धिबळ येत नाही.' यातलं शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना स्वतःचाच संताप आला, पण ते खरं होतं म्हणून ठेवलं. एकाने लिहिलं होतं, 'दोन आठवडे झाले, वजीर गेल्यावर तोंड लपवलंत वाटतं.' त्याला काकांनी पहिलं उत्तर पाठवलं आणि त्यात 'पळाल्या नाहीत' दोनदा लिहिलं.

प्रत्येकाचा मेल आधी उघडून वाचायचा आणि मगच उत्तर द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. न वाचता उत्तर देणं त्यांना नोंद न बघता सही करण्यासारखं वाटत होतं. दहा झाले तेव्हा सहाला सहा मिनिटं होती.

अकराव्याचे चार मेल होते. पहिल्यात नुसती त्याची खेळी होती, एक अक्षर आणि एक आकडा. दुसऱ्यात होतं, 'काय हो बाई, घाबरलात की काय?' तिसऱ्यात, 'प्रकृती ठीक आहे ना?' चौथा मागच्या आठवड्यातला होता. 'तुम्ही असा चांगला डाव टाकून देणाऱ्यातल्या नाही. विचार करत असाल. सावकाश करा. मी घड्याळ थांबवलंय.'

काकांनी ते वाचलं. बोट 'मी' या अक्षरापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. दारातून बँकवाले म्हणाले, "काका, तीन मिनिटं." काका हूं म्हणाले. मग बँकवाले म्हणाले, "दोन." मग ते काही म्हणाले नाहीत. सहा वाजता मोडेमवरचा हिरवा दिवा विझला.

"राहिला का एखादा?" बँकवाल्यांनी विचारलं.

"एक."

"मग काय बिघडलं? पत्ता आहे ना तुमच्याकडे? माझ्याकडे नवीन कनेक्शन आहे, वर चला. दोन मिनिटांचं काम."

"उद्या येतो," काका म्हणाले.

याला आता पाच आठवडे झाले. बँकवाले जिन्यात भेटले की विचारतात, "मग, आज येताय का वर?" काका कधी गुडघ्याचं कारण सांगतात, कधी चष्म्याचं. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, पत्ता वाचून दाखवा, मी इथून कळवते," तेव्हा त्यांना वही सापडली नाही.

दहा जणांना कळवून झालं आहे. अकराव्याला कळवायचं राहिलं आहे.